चेंडू गटारात गेला तर? लीथचे मैदान ते चेंबूरची गल्ली

१/
मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या प्रत्येकाला गल्लीतल्या क्रिकेटचे कायदेकानू तोंडपाठ असतात. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चेंडू थेट गेला तर बाद. एक टप्पा, एक हात. गटारात गेला तर मारणाऱ्याने काढायचा. हे कोणी लिहून ठेवलेले नसते, कारण खेळणारे सगळे एकाच चाळीतले. शेजारच्या चाळीतला संघ खेळायला आला की मात्र नाणेफेकीआधी सगळे नियम मोठ्याने बोलून घ्यावे लागतात. नाहीतर संध्याकाळ भांडणात जाते.

२/
गोल्फची नियमावली जगातील किचकट नियमावल्यांत गणली जाते. तिचा जन्म मात्र नेमका याच कारणाने झाला. आजचा धागा त्या जन्माविषयी, आणि त्या नियमांचे आपल्या चेंबूरपर्यंत काय झाले याविषयी.

३/
साल १७४४. स्थळ एडिंबरोजवळचे लीथ. तेथील सार्वजनिक मैदानावर पाच खळग्यांचा गोल्फ खेळणाऱ्या मंडळींनी नगरपालिकेकडे बक्षीस मागितले आणि नगरपालिकेने चांदीची गोल्फची काठी दिली. एक अट अशी होती: स्पर्धा ब्रिटन आणि आयर्लंडमधील कोणत्याही खेळाडूस खुली राहील. म्हणजे आता परके येणार. रोजच्या सोबत्यांत जे न बोलता चालत होते, ते लिहून काढणे भाग पडले. उपलब्ध असलेली गोल्फची सर्वांत जुनी नियमावली ती हीच. एकूण नियम १३.

४/
हे नियम वाचताना कायद्याची भाषा आठवत नाही, मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. चेंडू पाण्यात किंवा पाणथळ घाणीत पडला तर बाहेर काढा, मागे आणून खेळा आणि प्रतिस्पर्ध्यास एक फटका द्या. दोन चेंडू एकमेकांना चिकटले तर पुढचा उचला, मागचा खेळून होऊ द्या. दगड, हाडे, मोडक्या काठ्या वाटेत आल्या म्हणून वाटेल तेथे हलवू नका. माणूस, घोडा, कुत्रा, कशालाही लागून चेंडू थांबला तर थांबला तेथूनच खेळा. तेरावा नियम तर शुद्ध स्थानिक आहे: मैदानाच्या रक्षणासाठी खणलेले चर, विद्यार्थ्यांचे खळगे आणि सैनिकांच्या ओळी यांत चेंडू गेला तर तो काढून घेता येईल. ज्याने लीथ पाहिले नाही त्याला यातले अर्धे कळणारही नाही.

५/
त्या वर्षीचा विजेता जॉन रॅट्रे हा शल्यचिकित्सक. कर्णधार या नात्याने नियमांखाली सही त्याचीच. पुढच्याच वर्षी जॅकोबाइट बंड उसळले, हा गृहस्थ बंडखोर राजपुत्राच्या सैन्यात वैद्य म्हणून गेला आणि १७४६ च्या कलोडनच्या पराभवानंतर पकडला गेला. त्याच्यासाठी रदबदली केली ती सरकारपक्षाच्या डंकन फोर्ब्ज या वरिष्ठ न्यायाधीशाने. फोर्ब्ज हा लीथच्या मैदानावरचा त्याचा सोबती. रॅट्रे वाचला आणि १७५१ साली त्याने पुन्हा ती चांदीची काठी जिंकली. (खेळातल्या मैत्रीचे इतके मोठे व्याज फार थोड्यांना मिळाले असेल.)

६/
१७५४ साली सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी हेच नियम जवळजवळ जसेच्या तसे उचलले. पुढे दीडशे वर्षे प्रत्येक क्लबाची आपापली वही होती. १८२९ साली कोलकात्यात आणि १८४२ साली मुंबईत गोल्फ क्लब निघाले, तेही याच काळात. सेंट अँड्र्यूजने सर्वांसाठी नियम ठरवणारी समिती नेमली १८९७ साली. अमेरिका आणि ब्रिटन यांची एकच संहिता व्हायला १९५२ उजाडले.

७/
तरीही ‘स्थानिक नियम’ ही तरतूद संहितेने कधी काढली नाही. तिचे टोकाचे उदाहरण म्हणजे १९४० साली लंडनजवळच्या रिचमंड क्लबाने लावलेले युद्धकालीन नियम. बाँब पडत असताना खेळ थांबवून आडोसा घेतल्यास दंड नाही. शत्रूच्या कारवाईने चेंडू हलला तर पुन्हा जागेवर ठेवा. फटका मारतानाच बाँब फुटून लक्ष विचलित झाले तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू खेळता येईल, मात्र दंड एक फटका! आकाशातून मृत्यू पडत असताना तो एक फटका सोडायलाही ही माणसे तयार नव्हती. मला यात विनोदापेक्षा हट्ट अधिक दिसतो.

८/
आता आपल्याकडे येऊ. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. समजा, आषाढातली रविवारची सकाळ आहे, चार स्नेही सहज खेळायला उतरले आहेत, पंच कोणी नाही. चेंडू उंच जातो आणि ओल्या जमिनीत रुतून बसतो. काय करायचे? फेअरवेवर आणि भोवतालच्या गवतात विनादंड सुटका मिळते. पाय ठेवल्यावर पाणी वर येते? जोराने न दाबता ते दिसले पाहिजे, मगच ते ‘तात्पुरते पाणी’. अशा वेळी पाण्यातून पूर्ण सुटका देणारी सर्वांत जवळची जागा शोधायची आणि तेथून एका काठीच्या लांबीत, खळग्याच्या अधिक जवळ न जाता, चेंडू टाकायचा.

९/
टाकायचा कसा, यालाही इतिहास आहे. पूर्वी खळग्याकडे तोंड करून खांद्यावरून मागे टाकत. १९८४ पासून हात खांद्याच्या उंचीवर लांब धरून. २०१९ च्या मोठ्या फेरबदलात ३४ नियमांचे २४ झाले आणि चेंडू गुडघ्याच्या उंचीवर आला. शोधाची मुदतही ५ मिनिटांवरून ३ मिनिटांवर.

१०/
साप निघाला तर? मेलेला असेल तर संहितेच्या लेखी तो पालापाचोळ्याच्या वर्गात मोडतो, बाजूला करून खेळा. जिवंत असेल तर तो ‘बाह्य घटक’, आणि विषारी असल्यास धोकादायक प्राणी म्हणून विनादंड दूर जाण्याची मुभा.

११/
खरी वादाची जागा कावळ्याची. लीथच्या आठव्या नियमानुसार चेंडू कोणी उचलून नेला काय किंवा आपोआप हरवला काय, शिक्षा एकच: मूळ जागी परत जा आणि त्या दुर्दैवापोटी प्रतिस्पर्ध्यास एक फटका द्या. दुर्दैव हाही खेळाचा भाग होता. आजचा नियम वेगळा विचार करतो. कावळ्याने थांबलेला चेंडू नेला हे ठाऊक असेल, किंवा तशी किमान ९५ टक्के शक्यता असेल, तर दंड नाही. दुसरा चेंडू त्या जागी ठेवा. तेवढी खात्री नसेल तर मात्र चेंडू हरवलाच, आणि लीथप्रमाणेच दंडासह मागे जाणे आले. अडीच शतकांत बदलले ते इतकेच, पण ते थोडे नाही.

१२/
मागे जाणे हौशी खेळात फार जाचते, कारण मागचे गट खोळंबतात. म्हणून २०१९ पासून क्लबांना एक स्थानिक नियम लावता येतो: चेंडू जेथे हरवला त्याच्या आसपास, फेअरवेच्या कडेशी येऊन, दोन फटक्यांच्या दंडाने खेळा. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांसाठी तो नाही. तो रविवारच्या मंडळींसाठीच आहे.

१३/
आणि नियमच आठवला नाही तर? दोघांतील सामन्यात दोघांनी प्रामाणिकपणे जे ठरवले ते टिकते, नंतर ते चुकीचे निघाले तरी. फटके मोजून खेळत असाल तर त्या खळग्यापुरते दोन चेंडू खेळता येतात. कोणता मोजायचा ते आधी सांगायचे आणि गुणपत्रिका देण्यापूर्वी समितीस कळवायचे. अंदाजाने जागा ठरवली व ती थोडी चुकली, तर वाजवी काळजी घेतली होती एवढे पुरते.

१४/
एकच गोष्ट अक्षम्य आहे. सामन्यात प्रतिस्पर्ध्याची चूक दिसूनही तुम्ही एकटे गप्प राहू शकता. पण ठाऊक असलेला नियम ‘जाऊ दे रे’ म्हणत दोघांनी मिळून सोडून दिला, तर दोघेही बाद. आपल्याकडे ‘रडीचा डाव खडी’ म्हणत रडणाऱ्याला शिक्षा होते. येथे औदार्यालाही होते. प्रथमदर्शनी हे क्रूर वाटते. पण लीथची मंडळी आठवा: दोघांचे साटेलोटे झाले तर तिसऱ्या परक्याने कशावर विसंबायचे?

१५/
या सगळ्यात एक माणूस नेहमी शेजारी उभा असतो आणि इतिहासात क्वचित येतो: कॅडी. खेळाडूची पिशवी वाहणारा, चेंडू कुठे पडला हे पाहणारा, नियम वर्षानुवर्षे ऐकून पाठ झालेला. चेंबूरच्या वस्तीतून आलेल्या अनेक कॅडींना क्लबाचे सदस्यत्व आवाक्याबाहेरचे होते. त्यांच्यातील काहींनी आपल्या वस्तीतच गोल्फ सुरू केला. बांधकामाच्या लोखंडी सळ्या तापवून, ठोकून काठ्या केल्या. मुठीला पाण्याच्या पाइपाचा तुकडा. चेंडू प्लॅस्टिकचा, खरा गोल्फचा चेंडू टणक आणि सुमारे ४६ ग्रॅमचा, तो दाट वस्तीत काच किंवा डोके फोडेल. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुद्झोवाटी यांनी या खेळावर छायाचित्रमालिका केली आणि परदेशी वृत्तसंस्थांनी त्याला ‘स्लम गोल्फ’ म्हटले.

१६/
हे नाव मला आवडत नाही, कारण त्यात नवल अधिक आणि इतिहास कमी आहे. लीथच्या माणसांकडेही आखीव हिरवळ नव्हती. इतरांच्या वावराच्या जागेत, इतरांच्या पायांतून त्यांनी चेंडू नेला आणि वाटेत जे आले त्याचा नियम केला. पाणथळ घाणीचा तो पाचवा नियम आज चेंबूरच्या सुसज्ज मैदानापेक्षा मागच्या गल्लीतल्या उघड्या गटारापाशी अधिक नेमका लागू पडतो.

१७/
आणि दहावा नियम पुन्हा वाचा: माणूस, घोडा, कुत्रा, कशालाही लागून चेंडू थांबला तर तेथूनच खेळा. घोडा वगळला तर बाकी सगळे त्या गल्लीत हजर आहे.