‘क’चा क्रमांक कोणता?

समजा, डहाणू-तलासरी भागातल्या सरावलीसारख्या गावातील शाळेत एक प्रश्नपत्रिका संगणकावर तयार केली. छपाईसाठी ती तालुक्याच्या गावी नेली, तर तिथल्या पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली! १९९० नंतरच्या वीस वर्षांत असा अनुभव अनेक शिक्षकांना आला. अशा वेळी ‘फाइल बिघडली’ किंवा ‘व्हायरस शिरला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण बहुधा फाइल शाबूत असते आणि संगणकही ठणठणीत असतो. मग बिघडते काय? हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहायला हवा.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला फक्त आकडे कळतात. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे, हा माणसांनी आपसात केलेला करार असतो. इंग्रजीसाठी असा करार १९६३ साली अमेरिकेत झाला. त्याला ‘आस्की’ म्हणतात. त्यात इंग्रजीतील मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आहे. या करारात १२८ क्रमांक वापरले गेले. एका बाइटमध्ये २५६ क्रमांक मावतात, म्हणजे उरलेले १२८ मोकळे राहिले. मराठीला जागा शोधायची ती इथेच.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा पहिली अडचण यंत्राचीच होती. पडद्यावर ८० रकाने व २५ ओळी, आणि प्रत्येक चौकोनात २५६ ठरावीक आकृत्यांपैकी एक. देवनागरीला मात्रा वर हव्यात, उकार खाली हवेत, शिवाय शेकडो जोडाक्षरे. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले. १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्यांच्या देवनागरी यंत्राचा नमुना मांडला गेला. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व हे काम तिथे ‘जिस्ट कार्ड’च्या रूपाने वाढले. संगणक उघडून आतल्या खाचेत हे कार्ड बसवले, की डॉसवर चालणाऱ्या नेहमीच्या आज्ञावलींमध्येही मराठी लिहिता येई.

कार्डापेक्षाही मोलाचा होता त्यामागचा करार. ‘इस्की’ या नावाने तो १९८८ साली आखला गेला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. यात क्रमांक दिला तो अक्षराच्या आकृतीला नव्हे, वर्णाला. ‘क’चा क्रमांक १७९. गुजरातीतल्या ‘क’चाही तोच! त्यामुळे मराठीत लिहिलेले नाव लिपी बदलताच गुजरातीत दिसे. गुजरातच्या सीमेलगतच्या तालुक्यांना ही सोय किती उपयोगी, ते सांगायला नको.

मात्र कार्ड नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, की १७९ क्रमांकाच्या जागी तक्ते आखण्याची उभी रेघ दिसे. ‘क’ फाइलमध्येच असे, पण करार जाणणारे कार्ड तिथे नसे.

मग विंडोज आले. आता अक्षराचा आकार फॉन्टमधून येऊ लागला, त्यामुळे कार्डाची गरज उरली नाही. काम स्वस्त झाले, पण करार सुटला. प्रत्येक उत्पादकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये ‘भारत’ लिहिले, तर संगणकाच्या लेखी ती पाच इंग्रजी अक्षरे असतात : एच, के, के, जे, आर. अर्धा भ, त्याचा दंड, मग काना, र आणि त. दुसऱ्या संगणकावर हा फॉन्ट नसला, की हीच पाच अक्षरे उघडी पडतात. प्रश्नपत्रिकेची खिचडी होते ती अशी. याहून मोठा तोटा हजेरीपटात दिसतो. नावे अकारविल्हे लावायला सांगितली, तर संगणक ‘जे’ आधी व ‘आर’ नंतर घेतो. साहजिकच ‘र’ची मुले ‘त’च्या आधी येतात!

यावरचा उपाय जगभरच्या लिप्यांसाठी एकच करार करण्याचा होता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली आहे. तिथे ‘क’चा क्रमांक २३२५. पण करार झाला म्हणजे यंत्रे लगेच तो पाळतात असे नाही. विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० सालच्या आवृत्तीत आली. २००१ च्या ‘एक्सपी’मध्ये ती मूळ सीडी घालून वेगळी बसवावी लागे, आणि ती सीडी हवी तेव्हा सापडत नसे. २००७ च्या ‘व्हिस्टा’पासून ही कटकट संपली. भारत सरकारने २००९ साली ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले.

तरी मराठीची एक खोच उरतेच. आपल्या ‘दर्या’त समुद्र असतो आणि ‘दऱ्या’ डोंगरात असतात. ‘दऱ्या’तील हा र दोन रीतींनी लिहिता येतो. दिसायला फरक नसतो, पण आतले क्रमांक वेगळे असतात. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही.

जुन्या फॉन्टमधील निकालपत्रे, स्मरणिका, मुलांनी गोळा केलेल्या वारली गोष्टी यांचे काय करावे? फाइल पुसू नये. आधी मूळ फॉन्टचे नाव शोधावे. एक प्रत जशीच्या तशी ठेवून दुसरी परिवर्तक आज्ञावलीतून युनिकोडमध्ये न्यावी. मग रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत, कारण चुका तिथेच होतात. कागदावरची छापील प्रतही जपावी, म्हणजे पडताळा घेता येईल.

हे वर्गात करून पाहता येईल. दोन गटांना वर्णमालेला मनाजोगे क्रमांक देऊ द्या. एका गटाने केवळ आकड्यांत लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याला वाचायला द्या. चिठ्ठीत एकही चूक नसताना ती का वाचता येत नाही, याचे उत्तर मुलेच देतील.