परळांतील एक संपादक

शनिवार, ता. 31 जानेवारी 1920 रोजीं परळच्या पोयबावडींतून ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक बाहेर पडला. ज्यांचीं गाऱ्हाणीं मांडण्यास इतर वर्तमानपत्रांत जागा नव्हती, त्या तत्कालीन अस्पृश्य समाजाचें हें पत्र. ‘केसरी’नें त्याची जाहिरात, पैसे देऊं केले असतांहि, छापिली नाहीं, यावरूनच अशा पत्राची निकड ध्यानांत येईल. पत्र काढणारे भीमराव आंबेडकर त्या वेळीं सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक असल्यामुळें संपादक म्हणून नांव होतें पांडुरंग नंदराम भटकर यांचें. शाहू महाराजांनीं 2,500 रुपयांचें साहाय्य केलें होतें.

पहिल्याच अंकांत हिंदु समाजाला जिना नसलेल्या अनेकमजली मनोऱ्याची उपमा दिलेली होती. चाळींत राहणाऱ्या गिरणी कामगाराला ती चटकन उमगावी अशीच होती. आंबेडकरहि परळांत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींतच राहत.

पुढें ते शिक्षणासाठीं विलायतेस गेले आणि 1923 सालीं पत्र बंद पडलें. मार्च 1927 मध्यें महाडास चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्यांनीं प्राशन केलें, आणि अवघ्या दोन आठवड्यांनीं, 3 एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघालें. या वेळीं संपादक स्वतः आंबेडकरच. मदतनीस लेखक नाहींत, द्रव्यबळ नाहीं. वकिली सांभाळून अंकाचे 24 रकाने त्यांना एकट्यानें लिहून काढावे लागत. साहाय्याचें आवाहन करूनहि भागलें नाहीं, व नोव्हेंबर 1929 मध्यें तेंहि थांबलें. तथापि पुढच्याच वर्षीं ‘जनता’ सुरू झालें.

हा लढा एकट्या हिंदुस्थानचा नव्हता. 1913 ते 1916 या काळांत आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतां, त्याच शहरीं ड्यू बॉइस हे कृष्णवर्णीय विद्वान ‘क्रायसिस’ मासिकाच्या द्वारें वंशभेदाशीं झगडत होते. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचें वाचून 1946 मध्यें आंबेडकरांनीं ड्यू बॉइस यांजकडे त्याची प्रत मागविली, आणि अस्पृश्यांची व कृष्णवर्णीयांची स्थिति किती सारखी आहे हें त्यांना लिहिलें. 31 जुलैला उत्तर आलें. आंबेडकरांचें नांव ड्यू बॉइस यांना आधींच ठाऊक होतें.

ज्या संपादकाला जाहिरातीपुरतीहि जागा मिळाली नाहीं, त्याच्याच अध्यक्षतेखालील समितीनें पुढें राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला. 1950 सालीं अमलांत आलेल्या त्या घटनेच्या 15 व्या कलमांत भेदभावास मनाई करतांना ‘वंश’ आणि ‘जात’ हे शब्द शेजारीं शेजारीं आले आहेत.