आउटबोर्ड मोटर : धोक्याचे इशारे व दोषशोधन

होडीच्या मागल्या फळीवर बसवलेल्या आउटबोर्ड मोटरीत बिघाड होऊ लागला की तो चालकाला कळवणारा बझर वा दिवा म्हणजे धोक्याचा इशारा. मोठ्या मोटरींत त्याच्या जोडीने इंजिनाचा वेग आपोआप उतरतो. अनेक बनावटींत तो मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांच्या आसपास रोखला जातो, म्हणजे बोट काठाला लागेल एवढी शक्ती उरते आणि इंजिन जळत नाही. बचाव पथकांत ही मोटर ‘ओबीएम’ या नावाने ओळखली जाते.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ही मोटर रोजची असली, तरी कर्जत आणि खालापूर या आतल्या तालुक्यांत ती मुख्यतः पावसाळ्यात, पुराच्या पाण्यात उतरते. कर्जतला उल्हास, तर खोपोली-खालापूरकडे पाताळगंगा. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून थेट खाली येत असल्याने घाटमाथ्यावर पाऊस झाला की त्यांना झपाट्याने पाणी चढते. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा सुमारे 1050 प्रवाशांच्या सुटकेसाठी रबरी बोटी वापराव्या लागल्या. या भागाला जवळची असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 5वी तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. तिथून येणाऱ्या बोटी आणि मोटरी बोरघाट उतरून, गाडीत आडव्या पडून येतात. मोटरीच्या प्रकृतीच्या दृष्टीने हा प्रवासही महत्त्वाचा आहे.

कोणता आवाज कशासाठी, हे बनावटीप्रमाणे बदलते. काही मोटरी सलग वाजतात, काही थांबून थांबून, तर काहींत प्रत्येक दोषाला वेगळा दिवा असतो. दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान मोटरींत पुष्कळदा बझर नसतोच. त्यामुळे मोटरीसोबत आलेल्या पुस्तिकेतील इशाऱ्यांचा तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीतच ठेवणे आवश्यक ठरते. ठरावीक तास भरल्यावर ऑईल बदलण्याची आठवण म्हणून वाजणाऱ्या मोटरीही आहेत; त्या वाजण्यात तातडीचा धोका नसतो, पण तक्ता हाताशी नसेल तर तो फरक कळत नाही.

इशारा मिळताच वेग कमी करून इंजिन बंद करावे, हा सर्वसाधारण नियम तळ्यात किंवा खाडीत बिनधोक पाळता येतो. मोरबे धरणाच्या जलाशयासारख्या संथ पाण्यात बोट बंद इंजिनावर थांबू शकते. पुराच्या प्रवाहात मात्र इंजिन बंद केले की बोट पाण्याच्या स्वाधीन होते. मग समोरचा पूल, झाड वा विजेची तार टाळता येत नाही. अशा वेळी वेग उतरवून, नाक प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला ठेवत बोट काठाच्या संथ पाण्यात न्यावी, दोर झाडाला किंवा खांबाला बांधावा आणि मगच मोटर बंद करावी. या काही मिनिटांत इंजिनाचे नुकसान झाले तरी ते पत्करणे योग्यच होय. बोटीतली माणसे आधी.

पुराच्या पाण्यात सर्वाधिक अपेक्षित इशारा म्हणजे इंजिन तापल्याचा. आउटबोर्ड मोटरीला रेडिएटर नसतो. पायातल्या जाळीतून नदीचेच पाणी आत ओढले जाते, रबरी पात्यांचा इंपेलर ते वर चढवतो, आणि त्यातले थोडे पाणी इंजिनाच्या मागून बारीक धारेने बाहेर पडते. तपासाची सुरुवात या धारेपासून करावी. धार पूर्ण थांबली असेल तर मोटर बंद करून पाय वर उचलावा व जाळी पाहावी. प्लास्टिकची पिशवी, भाताचा पेंढा, जलपर्णी किंवा चिखल तिथे चिकटलेला असतो आणि तो हाताने निघतो. जाळी मोकळी असूनही धार बारीक असेल, तर धारेचे तोंडच गाळाने बुजलेले असू शकते. तंगूस किंवा बारीक तार आत सारून ते मोकळे करावे. तरीही पाणी येत नसेल तर दोष बहुधा इंपेलरचा. गढूळ पाण्यातील वाळू त्याची पाती झिजवते आणि मोटर कोरडी चालवली तर ती थोड्याच वेळात फाटतात. धार जोरदार असून इशारा थांबत नसेल तर थर्मोस्टॅट अडकल्याची शंका घ्यावी. समुद्रात वापरून गोड्या पाण्याने न धुतलेल्या मोटरींत तिथे मिठाचा थर साचतो. मोटर फळीवर उंच बसली असेल तर जाळीत फेसाळ पाणी व हवा शिरते, आणि नदी दुथडी वाहत असतानाही इंजिन तापते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. धातूला तडा जातो.

दुसरा गंभीर इशारा ऑईलचा. फोर-स्ट्रोक मोटरीत दाब उतरला की तो वाजतो, आणि इथे ‘काठापर्यंत जाऊ’ ही सवलत फार थोडी असते, कारण ऑईलविना बेअरिंग काही मिनिटांत जातात. मोटर सरळ उभी करून, ऑईल खाली उतरू देऊन मगच पट्टीवर पातळी पाहावी. घाटातून आडव्या आलेल्या मोटरीची कहाणी इथे येते : फोर-स्ट्रोक मोटर चुकीच्या कुशीवर ठेवली तर ऑईल सिलिंडरमध्ये शिरते. कोणत्या कुशीवर ठेवायची याची खूण मोटरीवर किंवा पुस्तिकेत असते. वेगळी टाकी असलेल्या टू-स्ट्रोक मोटरीत हाच इशारा टाकीतले ऑईल संपत आल्याचा असतो. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायच्या मोटरीत असा इशारा नसतो. तिथे पुस्तिकेतील प्रमाण, पुष्कळदा 50 ला 1, हेच संरक्षण.

पेट्रोलमधल्या पाण्याचा इशारा गाळणीच्या तळाशी पाणी साचल्यावर येतो. पावसात उघडा कॅन ओतला की हे घडतेच, आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा ओढून घेत असल्याने जुना साठा वापरू नये. बॅटरीचा इशारा आल्यास आधी तिची टोके घट्ट करावीत. पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन भरधाव फिरल्यास वाजणारा बझर वेग कमी करताच थांबतो.

खोटे इशारेही मिळतात. थंड मोटरीची किल्ली फिरवताच तापल्याचा बझर सलग वाजू लागला, तर तापमानाच्या स्विचची वायर काढून पाहावी. आवाज थांबला तर स्विच खराब, न थांबल्यास वायर कुठेतरी धातूला टेकली आहे. किल्लीबरोबर एकदाच होणारा बीप मात्र बझर शाबूत असल्याची खूण आहे. तो ऐकू आला नाही तर दुरुस्तीआधी मोटर पाण्यात नेऊ नये. ऑईलचा दिवा काही मोटरींत इंजिन सुरू होईपर्यंत लागलेला राहतो, तो दोष नव्हे.

ही सारी तपासणी मे महिन्यात, पाण्याने भरलेल्या पिंपात मोटर चालवून होऊ शकते. इंपेलर त्याच वेळी बदलावा आणि सुटा इंपेलर, स्पार्क प्लग, गाळणी व पाने बोटीच्या पेटीत ठेवावेत. चालकाच्या मनगटाला बांधलेली किल स्विचची दोरी निसटली तरी मोटर क्षणात बंद पडते, आणि तेव्हा कोणताही बझर वाजत नाही. म्हणून इशाऱ्याविना थांबलेल्या मोटरीत सर्वप्रथम ती दोरी पाहावी.