डांबर रस्त्याचं, डाग गाडीवर

रस्त्यावर डांबर आलं ते मोटारीमुळे. बैलगाडीला त्याची गरज नव्हती. युरोपात मोटारी धावू लागल्या, धुळीचे लोट असह्य झाले, तेव्हा १९०२ साली मोनाकोत डॉ. गुग्लिएल्मिनेटी यांनी गरम कोलटार रस्त्यावर पसरून पाहिलं. आपल्याकडे बॅ. मुकुंदराव जयकरांच्या समितीने १९२८ साली रस्त्यांचा खर्च मोटारवाल्यांकडून काढण्याची वाट दाखवली आणि पुढच्याच वर्षी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला. पैसा मोटारीचा आणि डांबरही मोटारीसाठी. मग त्याच डांबराने मोटार खराब झाली तर भरपाई कोणी द्यायची? माझं उत्तर सरळ आहे: रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याने.

हिंगोलीत हा प्रश्न उशिरा उभा राहिला. हा भाग तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. निजामाच्या सरकारी रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. संस्थानात रस्ता सरकारचा आणि बसही सरकारचीच. १ जुलै १९६१ ला मराठवाड्याची बससेवा एसटी महामंडळात आली, तरी मडगार्डला लागलेलं डांबर सरकारी घरातलाच मामला राहिला. ७२च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून जे रस्ते केले, त्यांतले बहुतेक मातीमुरमाचे. डांबर मागाहून आलं. १९९९च्या १ मे रोजी जिल्हा परभणीतून वेगळा झाला, पुढे एमएच-३८च्या पाट्या दारोदार दिसू लागल्या. आता नुकसान सोसणारा घरचा माणूस होता आणि डांबर टाकणारा सरकारी.

हे नुकसान होतं कसं, तेही पाहू. जुन्या थरावर डांबराचा पातळ फवारा मारतात, वर गिट्टी टाकून रोलर फिरवतात. फवारा सुकायच्या आत किंवा सुटी गिट्टी झाडायच्या आत वाहतूक सोडली, की चाक ते उचलतं आणि दाराच्या खालच्या पत्र्यावर फेकतं. मग रॉकेलचा बोळा फिरवत बसायचं. डाग निघाला तरी रंगाची चमक जाते. खडी-डांबराचं असं काम झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत वाहतूक सोडू नये, सोडावीच लागली तर अगदी मंद वेगाने, हे रस्तेबांधणीच्या मानकांतच आहे. उन्हाने डांबर पाघळलं, ही सबब तर ऐकूच नये. हिंगोलीतला मे महिना अभियंत्याला नवा नसतो.

कायद्यात याला जुना आधार आहे. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीजवळ सरकारी मजूर लोखंडी सामान रस्त्यातून नेत होते. त्यांच्या हलगर्जीपणाने पी अँड ओ कंपनीच्या बग्गीचा घोडा जखमी झाला. १८६१ साली सर बार्न्स पीकॉक यांनी ठरवलं, की खासगी माणूसही करू शकेल अशा कामातल्या चुकीला सरकार जबाबदार. पुढे १९६५च्या कस्तुरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सवलत दिली, पण ती पोलिसांच्या अधिकारातल्या कृतीबद्दल होती. डांबरीकरण तर निविदा काढून खासगी माणसालाच देतात. त्याला राजसत्तेचं कृत्य कोण म्हणेल?

मग ठेकेदारालाच का धरू नये? धरावंच, पण ते खात्याने. वाहतूक कधी सोडायची हा निर्णय खात्याच्या देखरेखीखालचा, ठेकेदाराची अनामतही खात्याकडेच. गाडीवाल्याने त्याचा पत्ता शोधत फिरावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: फलक असतानाही जो भरधाव गेला, त्याचं काय? त्याची भरपाई तेवढी कापावी. मात्र फलक होता हे खात्याने दाखवावं. खजिन्यावर बोजा पडेल म्हणणाऱ्यांना एवढंच सांगता येईल, की वसुली अनामतीतून झाली तर बोजा ज्याचा त्याच्यावर पडतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८-अ इथे उपयोगी नाही. ते मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच लागू होतं आणि दंडही निधीत जातो, पीडिताच्या हाती नाही.

राहतो दिवाणी दावा. तेव्हा डाग पुसण्याआधी फोटो काढा, रंगकामाची पावती जपा आणि रस्ता कोणाचा ते आधी विचारा: सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा की राष्ट्रीय महामार्ग १६१. राज्य सरकारचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे नोटीस जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. त्यानंतर दोन महिने थांबावं लागतं.