अल्पवयीन मातृत्व आणि नवजात बालक : बेळगाव-निपाणी परिसर

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे १८९१ च्या संमतिवय कायद्याचा वाद हा या भागाच्याही इतिहासाचा भाग ठरतो. त्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ झाले; मात्र वाद पत्नीच्या वयापुरताच राहिला. बाळाचा प्रश्न ठळकपणे मांडला तो सर मोरोपंत जोशी समितीने. अकाली मातृत्वाचा संबंध तिने माता व अर्भकांच्या मृत्यूंशी जोडला. १९२९ च्या सारडा कायद्याने सर्व धर्मीय मुलींचे किमान विवाहवय १४ ठरविले; १९७८ मध्ये ते १८ झाले.

समितीचे म्हणणे वैद्यकशास्त्राने पुढे दृढ केले. किशोरवयीन मातेचे शरीर स्वतःच वाढत असते. रक्तक्षय व अपुरे पोषण यांमुळे बाळ ३७ आठवड्यांपूर्वी जन्मण्याचा किंवा २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असण्याचा धोका वाढतो. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सहा देशांतील एका अभ्यासात सहभागी होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, पहिलटकरणींना अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन दिल्याने अकाली प्रसूतींचे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आले.

औषधाची मर्यादाही यातच दिसते : गोळी मातेचे वय वाढवू शकत नाही. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावी शाळा सुटलेल्या मुलीच्या हाती विड्यांचे सूप येते, आणि स्थळही लवकर येते. ती वर्गात टिकली, तर विवाह लांबतो. म्हणून नवजात बालकाच्या आरोग्याचा प्रश्न जितका दवाखान्याचा, तितकाच महाविद्यालयाच्या हजेरीपटाचाही आहे.