तानसेकांठचें कालवण

इतिहास म्हटला कीं किल्ले, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात; चुलीवरच्या मडक्यांत डोकावून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. परंतु ठाणें जिल्ह्यांतील शहापूर-मुरबाडकडे रात्रीच्या जेवणास सुक्या माशांचें जें साधें कालवण होतें, त्यांतील एकेक जिन्नस निवडून पाहिला तर दोन हजार वर्षांचा हिशेब हातीं लागतो.

तानसा नदी वैतरणेस मिळून समुद्रास जाते. पण शहापूर पडलें सह्याद्रीच्या पायथ्याशीं. बैलगाडीच्या काळांत ताजा समुद्रमासा येथवर टिकणें अशक्यच होतें. जो आला तो वाळूनच आला. बोंबील व जवळा नुसत्या उन्हावर वाळतात. बांगड्यास मात्र मीठ भरावें लागतें. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यास लागल्या म्हणजे आगोटीपूर्वीं केलेली हीच बेगमी घरोघर कामास येते.

या वाटा जुन्या आहेत. सोपारा व कल्याण या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा मार्ग मुरबाडवरून नाणेघाट चढे. तेथील लेण्यांत सातवाहनांचा शिलालेख अद्यापि आहे. कोंकणचें मीठ घाटावर जाई आणि परतीच्या बैलांवर धान्य उतरे. पुढें आगगाडी आली. ती १८५५ मध्यें वाशिंदपर्यंत व १८६१ मध्यें कसाऱ्यापर्यंत पोंचली, आणि बंदरावरचा माल कांहीं तासांत या बाजारांत येऊं लागला.

आतां मसाल्याकडे वळूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत (सुमारें ११२९) माशाचे तुकडे धुऊन चिंचेच्या रसांत शिजविण्याची कृति आहे. त्यांत मिरपूड आहे, मिरची नाहीं. असणार कोठून? मिरची मूळची अमेरिकेची. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकांत आपल्याकडे आली. बटाटाहि त्याच खंडांतला. याच फिरंग्यांकडून चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें वसई घेतली व नवस फेडण्यासाठीं तानसेच्या कांठीं वज्रेश्वरीचें देऊळ उभारविलें. किल्ला गेला, मिरची राहिली! वांगें मात्र आपलें जुनें; म्हणून बोंबील-बटाट्यापेक्षां सुकट-वांग्यास आम्ही वडीलकीचा मान देतों. (चवीच्या बाबतींतहि आमचें मत तेंच आहे, बोंबीलवाल्यांनीं रागावूं नये.)

कृति अगदीं सोपी आहे. बोंबलांचीं डोकीं-शेपट्या काढून तुकडे करावे, तव्यावर किंचित् भाजावे व कढत पाण्यांत धुवावे. तेलांत ठेंचलेला लसूण व कांदा परतून हळद, तिखट आणि वांग्याच्या किंवा बटाट्याच्या फोडी घालाव्या. फोडी अर्धवट शिजल्या कीं बोंबील, चिंचेचा कोळ, मीठ व दोन-तीन वाट्या पाणी घालून मंदाग्नीवर ठेवावें. जवळा घ्यावयाचा असेल तर तो नीट निवडून घ्यावा, नाहींतर वाळू दांतांखालीं येते. सोबत तांदळाची भाकरी किंवा भात असावा.

वरच्या ‘दोन-तीन वाट्या पाणी’ या शब्दांपाशीं मात्र आम्हांस थांबावें लागतें. १८९२ मध्यें तानसेवर सुमारें पावणेतीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध पुरा झाला, आणि या खोऱ्याचें पाणी नळांतून मुंबईस जाऊं लागलें. तें आजहि जातें. मुंबईची बाई नळ सोडते तेव्हां तिच्या पातेल्यांत पडणाऱ्या पाण्यांत तानसेचा वांटा असतो. आणि समुद्राकडचा बोंबील उलट दिशेनें शहापूरच्या बाजारांत येऊन पडतो. देवघेव बरोबरीची झाली असती तर तक्रार नव्हती. परंतु चैत्र-वैशाखांत याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर विहिरी आटतात व बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसतात. त्या घरांत बोंबील असतो, मिरची असते, चिंच तर दारच्या झाडाची. कालवण अडतें तें पाण्यासाठीं. टँकर संध्याकाळीं आला तर तें शिजतें. न आला तर बोंबील निखाऱ्यावर भाजून भाकरीवर ठेवतात.