पिएटिझम

पिएटिझम : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील ल्यूथरन मंडळीत उभी राहिलेली धर्मजागृतीची चळवळ. पवित्र शास्त्र प्रत्येक श्रद्धावंताने स्वतः वाचावे आणि आधी स्वतःला लावून पाहावे; पाप माणसाच्या स्वभावातच मुरलेले असल्याने नुसत्या सदाचाराने ते जात नाही, त्यासाठी नवा जन्म व्हावा लागतो; आणि समाजाच्या नैतिक घसरणीची सुरुवात मंडळीच्या आतूनच होते, ही तिची तीन मुख्य मते. ‘पिएटिस्ट’ हे नाव विरोधकांनी १६८९च्या सुमारास लाइपझिगमध्ये चेष्टेने रूढ केले आणि अनुयायांनी ते पुढे स्वतःहून स्वीकारले. आजच्या जर्मनीतील परंपरानिष्ठ प्रॉटेस्टंटांपैकी पुष्कळांची मुळे, विशेषतः नैर्ऋत्येकडील वुर्टेमबर्गमध्ये, या चळवळीत आहेत.

तीस वर्षांचे युद्ध (१६१८–४८) संपले तेव्हा जर्मनीतील कित्येक प्रदेश ओसाड पडले होते. मंडळीचा सांगाडा मात्र शाबूत होता. मूल जन्मले की बाप्तिस्मा, रविवारी उपासना, ठरल्या दिवशी प्रभुभोजन, असा क्रम चालू होता. प्रवचनांत कॅथलिक आणि कॅल्व्हिनपंथीयांच्या मतांचे खंडन भरपूर असे. ऐकणाऱ्याच्या जगण्याशी त्याचा संबंध थोडाच येई. योहान आर्न्ट याने शतकाच्या आरंभीच ‘खरा ख्रिस्ती धर्म’ या ग्रंथातून ही पोकळी दाखवली होती. फ्रँकफुर्टचा प्रमुख पाळक फिलिप याकोब श्पेनर (१६३५–१७०५) याने १६७०मध्ये आपल्या घरी शास्त्रवाचन आणि प्रार्थनेसाठी लोकांना जमवायला सुरुवात केली. १६७५मध्ये आर्न्टच्या प्रवचनसंग्रहाला त्याने लिहिलेली प्रस्तावना त्याच वर्षी ‘पिया देसिदेरिया’ या नावाने स्वतंत्रपणे निघाली. ते छोटे पुस्तक चळवळीचा पाया ठरले.

त्या पुस्तकातील आरोपांचा क्रम पाहण्यासारखा आहे. श्पेनर आधी राज्यकर्त्यांचे दोष सांगतो, मग पाळकांचे, आणि शेवटी सामान्य लोकांचे. पाळकांवर तो सर्वांत कठोर आहे: पद, मान आणि वाद यांत गुंतलेला उपदेशक स्वतःच नव्या जन्माला पारखा असेल, तर त्याच्या शिकवणीतून काय उगवणार, असा त्याचा सवाल आहे. लोकांच्या दोषांत मद्यपान, कोर्टकज्जे आणि व्यापारातील हाव ही तर आहेतच. पण बाप्तिस्मा झाला आणि प्रभुभोजन घेतले की तारण आपोआप मिळते, हा समज त्याला सर्वांत घातक वाटतो. उपाय त्याने सहा सांगितले: घरोघर शास्त्रवाचन, सर्व श्रद्धावंतांचे याजकपण, ज्ञानापेक्षा आचरणाला महत्त्व, वादात सौम्यपणा, धर्मशिक्षणाची सुधारणा आणि आत्म्याला पोसणारी प्रवचने. राज्यकर्त्यांचे दोष आधी सांगण्याचे तत्त्व तो स्वतःही पाळत होता. १६८६पासून ड्रेस्डेनच्या दरबारात उपदेशक असताना त्याने सॅक्सनीच्या इलेक्टरला दारूच्या व्यसनावरून सुनावले. इलेक्टरची मर्जी गेली आणि १६९१मध्ये श्पेनरला बर्लिनला जावे लागले.

पापाविषयीच्या पिएटिस्ट विचाराला ठाशीव रूप आले ते आउगुस्ट हेरमान फ्रांके (१६६३–१७२७) याच्यामुळे. १६८७मध्ये ल्युनेबुर्ग येथे योहानाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायावर प्रवचन तयार करत असताना त्याला जाणवले, की ज्या विश्वासावर आपण बोलणार तो आपल्यातच नाही. काही दिवसांच्या घालमेलीनंतर एका रात्री त्याला खात्री लाभली. हा अनुभव पुढे चळवळीत नमुना ठरला: आधी नियमशास्त्राच्या आरशात स्वतःचे पाप पाहायचे, मग पश्चात्तापाची झुंज, मग कृपा. एका माणसाचा अनुभव सर्वांवर साच्यासारखा लादला गेला, हे योग्य झाले नाही. ज्यांना अशी झुंज अनुभवाला आली नाही ते एकतर निराश झाले किंवा ती झाल्याचे दाखवू लागले. हेर्नहुट येथील मोरावियन वसाहतीचा प्रमुख काउंट त्सिंझेनडोर्फ (१७००–६०) याने हा साचा नाकारला आणि ख्रिस्ताच्या प्रेमावर भर दिला, हे त्याचे मोठे श्रेय.

फ्रांकेच्या कामाची व्याप्ती मात्र थक्क करणारी आहे. हाले शहराबाहेरच्या ग्लाउखा या दारिद्र्याने आणि दारूगुत्त्यांनी ग्रासलेल्या वस्तीत तो १६९२मध्ये पाळक झाला. १६९५मध्ये दानपेटीत एका बाईने टाकलेले चार टालर आणि सोळा ग्रोशन त्याला मिळाले. तेवढ्यावर त्याने गरिबांची शाळा काढली. त्यातूनच अनाथालय, मुलामुलींच्या शाळा, औषधशाळा, छापखाना उभे राहिले आणि त्याच्या मृत्यूच्या वेळी तेथे दोन हजारांहून अधिक मुले शिकत होती. १७१०मध्ये बॅरन फोन कान्श्टाइन याने तेथेच बायबल छापण्याची संस्था काढली. एकदा जुळवलेले खिळे न सोडता तसेच ठेवून त्यांवरून पुनःपुन्हा छपाई करायची, ही तिची युक्ती. त्यामुळे किंमत उतरली आणि शास्त्र मजुराच्या घरात पोहोचले. श्पेनरचा पहिला उपाय खऱ्या अर्थाने अमलात आणला तो या छापखान्याने.

याच हालेमध्ये चळवळीच्या हातून एक अन्यायही घडला. तत्त्वज्ञ क्रिस्टियान वोल्फ याने १७२१मध्ये विद्यापीठातील व्याख्यानात मांडले, की कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चिनी लोकांनी प्रकटीकरणाशिवाय, केवळ बुद्धीच्या बळावर उच्च नीती गाठली. शास्त्राविना नीती टिकते काय, या प्रश्नाला येथे थेट हात घातला गेला होता. योआखिम लांगे आदी पिएटिस्ट प्राध्यापकांनी त्याचे उत्तर युक्तिवादाने द्यायला हवे होते. तसे युक्तिवाद त्यांनी केलेही; पण अखेर प्रकरण प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म पहिला याच्याकडे गेले. १७२३मध्ये राजाने हुकूम काढला: अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोडावे, नाहीतर फाशी. वोल्फ गेला आणि १७४०मध्ये नव्या राजाच्या बोलावण्यावरून सन्मानाने परतला. श्पेनरने सांगितलेला वादातील सौम्यपणा त्याचे वारसदार इतक्या लवकर विसरले.

शास्त्राच्या अधिकाराबाबत चळवळीतील सर्वांत प्रामाणिक विचारवंत म्हणजे वुर्टेमबर्गचा योहान आल्ब्रेख्त बेंगेल (१६८७–१७५२). १७०७मध्ये जॉन मिल याच्या ग्रीक नव्या कराराच्या आवृत्तीत सुमारे तीस हजार पाठभेद नोंदले गेले होते. तरुण बेंगेल त्यामुळे अस्वस्थ झाला. पण डोळे मिटून घेण्याऐवजी त्याने हस्तलिखितांचाच अभ्यास हाती घेतला. डेंकेनडोर्फच्या मठशाळेत शिकवत असताना त्याने हस्तलिखितांची कुळे लावली, आणि दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा मूळचा असतो, हा आजही मानला जाणारा नियम मांडला. १७३४मध्ये त्याची ग्रीक आवृत्ती आली आणि १७४२मध्ये ‘ग्नोमोन’ हे भाष्य. श्रद्धेचे एकही मूलतत्त्व या पाठभेदांनी हलत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रकटीकरणाच्या पुस्तकावरून त्याने १८३६ या वर्षी मोठी घडामोड होईल असे गणित मांडले होते, ते चुकले.

वुर्टेमबर्गच्या शासनाने १७४३मध्ये घरगुती सभांना रीतसर परवानगी दिली. त्यामुळे तेथे पिएटिझम मंडळीबाहेर न फुटता आतच राहिला. आपल्या खेड्यांत संध्याकाळी हरिपाठाला माणसे जमतात, तशी तेथील शेतकरी, विणकर आणि चांभार मंडळी आठवड्याच्या ‘श्टुंडे’ला जमत, पाळक असो वा नसो, एकाने उतारा वाचायचा आणि जाणत्यांनी अनुभव सांगायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बुद्धिवादी वळणाची भजनावली आणि १८०९मध्ये तसाच उपासनाविधी अधिकृत झाला, तेव्हा हेच लोक दुखावले. कित्येक कुटुंबे कॉकेशसकडे निघून गेली. त्यांना थोपवण्यासाठी राजाने १८१९मध्ये श्टुटगार्टजवळ कोर्नटाल ही स्वतंत्र पिएटिस्ट वसाहत वसवू दिली.

नैतिक अधःपतनाची पिएटिस्ट कल्पना एका चित्रात पूर्ण उतरली आहे. श्टुटगार्टच्या शार्लोट रायलेन (१८०५–६८) या व्यापाऱ्याच्या पत्नीने १८६६च्या सुमारास ‘रुंद आणि अरुंद वाट’ हे चित्र काढवून घेतले. मत्तयाच्या सातव्या अध्यायातील दोन वाटा त्यात शेजारी शेजारी आहेत. रुंद वाटेवर खाणावळ, नाट्यगृह, जुगारअड्डा आणि शेवटी युद्ध व आग. अरुंद वाटेवर चर्च, रविवारची शाळा, अनाथ मुलांचे आश्रयस्थान आणि सेविकांचे रुग्णसेवागृह. जागोजाग शास्त्रवचनांचे संदर्भ आहेत. रुंद बाजूला रविवारी धावणारी आगगाडीही आहे. विश्रांतीचा दिवस यंत्राने आणि नफ्याने गिळला, ही तक्रार आजच्या कामगाराला तरी परकी वाटू नये. नाटकावरचा राग जुना: हॅम्बुर्गच्या संगीतनाट्यगृहावर आंटोन रायझर या पाळकाने १६८१मध्येच पुस्तक लिहून हल्ला चढवला होता. कलेतील सर्वच आनंद पापाच्या खात्यात टाकण्याची ही सवय चळवळीची उणीव होती. पण रायलेनबाईंनी चित्रावर भागवले नाही. श्टुटगार्टची सेविका-संस्था उभारण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

मराठी इतिहासाला ही चळवळ दोन ठिकाणी भिडते. हालेमधून निघालेला मिशनरी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग १७०६मध्ये दक्षिण भारतातील तरंगंबाडीला उतरला. त्याच परंपरेतला क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्‌झ (१७२६–९८) तंजावरच्या भोसले दरबारात इतका विश्वासाचा झाला, की तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी दत्तक पुत्र सरफोजीला त्याच्या हवाली केले. श्वार्ट्‌झने त्याचे रक्षण केले, त्याला शिकवले. सरफोजी १७९८मध्ये गादीवर आला तो आपल्या धर्मात राहूनच. गुरूच्या स्मरणार्थ त्याने शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. दुसरा धागा केडगावचा. प्रशियात जन्मलेला गेओर्ग म्युलर हालेमध्ये शिकला, आणि फ्रांकेच्या उदाहरणावरून त्याने १८३६मध्ये ब्रिस्टलला अनाथालय काढले. कोणाकडे मागायचे नाही, प्रार्थनेवर विसंबायचे, हा त्याचा बाणा. म्युलरचे चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचले आणि केडगावचे मुक्ती मिशन त्याच विश्वासावर चालवले. मूळ भाषांवरून केलेले रमाबाईंचे मराठी बायबल आणि १९०५मध्ये मुक्तीत झालेले पश्चात्तापाचे जागरण, दोन्हींमागे हालेच्या त्या दानपेटीपासून आलेली परंपरा आहे.

विसाव्या शतकात चळवळीची कसोटी लागली. १९३३मध्ये पुष्कळ परंपरानिष्ठांनी हिटलरच्या राजवटीचे स्वागत केले. वायमार काळातील स्वैराचार आणि निरीश्वरवाद यांना आळा बसेल, अशी त्यांची आशा होती. बाहेरच्या पापाकडे पाहता पाहता समोरचे पाप त्यांना दिसले नाही. वुर्टेमबर्गचे बिशप थेओफील वुर्म यांनी जुलै १९४०मध्ये गृहमंत्र्यांना पत्र लिहून अपंग व मनोरुग्णांच्या हत्येचा निषेध केला. त्यांच्याच प्रदेशातील ग्राफेनेक येथे त्या एका वर्षात दहा हजारांहून अधिक रुग्ण मारले गेले. ज्यूंच्या छळाबाबत मात्र मंडळी बहुतांशी गप्प होती. अपवाद म्हणून ओबरलेनिंगेन या वुर्टेमबर्गमधील गावाचे पाळक युलिउस फोन यान यांचे नाव घ्यायलाच हवे. नोव्हेंबर १९३८मध्ये सिनेगॉग जाळली गेल्यानंतर आठवडाभरात पश्चात्ताप-प्रार्थनेचा दिवस आला; त्या दिवशी त्यांनी यिर्मयाच्या पुस्तकावर प्रवचन करून या गुन्ह्याला उघडपणे पाप म्हटले. त्यांना जमावाने मारहाण केली आणि पुढे तुरुंगवासही घडला. शास्त्र, पाप आणि अधःपतन यांविषयी पिएटिस्ट परंपरा जे सांगत आली त्याचा अर्थ त्या प्रवचनात सर्वांत स्वच्छ उतरला.

युद्धानंतरचा वाद पुन्हा शास्त्रावर आला. मारबुर्गचे रुडोल्फ बुल्टमान यांनी १९४१च्या व्याख्यानात नव्या करारातील विश्वचित्र पुराणकथेच्या स्वरूपाचे असून त्याचा अर्थ आजच्या माणसाच्या अस्तित्वाच्या भाषेत लावला पाहिजे, असे मांडले होते. १९६०च्या दशकात हा विचार विद्यापीठांतून व्यासपीठांवर पोहोचला, तेव्हा ‘दुसरे शुभवर्तमान नाही’ या नावाची चळवळ उभी राहिली. ६ मार्च १९६६ रोजी डोर्टमुंडच्या सभेला वीस हजारांहून अधिक लोक आले. पुनरुत्थान घडले नसेल तर पापक्षमा कशावर उभी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. १९७०मध्ये ट्युबिंगेनला धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी बेंगेलच्या नावाने निवासगृह सुरू झाले. १९७४मध्ये गेरहार्ड मायर यांनी लिहिले, की देव काय बोलू शकतो हे आधीच ठरवून टाकणारी चिकित्सा प्रकटीकरणाला लागूच पडत नाही. तेच मायर २००१ ते २००५ वुर्टेमबर्गचे बिशप होते.

अलीकडचा संघर्ष विवाहाविषयी आहे. १ ऑक्टोबर २०१७पासून जर्मनीत समलिंगी विवाह कायदेशीर झाला आणि मार्च २०१९मध्ये वुर्टेमबर्गच्या धर्मसभेने ठरावीक मंडळ्यांत अशा जोडप्यांच्या जाहीर आशीर्वादाला मोकळीक दिली. पिएटिस्ट गटाला हे शास्त्राच्या स्पष्ट आज्ञेविरुद्ध वाटते. शास्त्राला बांधलेल्या माणसाने तसे म्हणणे समजण्यासारखे आहे. मात्र श्पेनरच्या यादीतील हाव, अहंकार आणि सत्तेपुढची लाचारी यांवर तितक्याच जोराने बोलल्याशिवाय त्या म्हणण्याला वजन येत नाही. जर्मनीतील इतर प्रादेशिक मंडळ्यांत धर्मसभेचे सदस्य अप्रत्यक्षपणे निवडले जातात; वुर्टेमबर्गमध्ये सभासद त्यांना दर सहा वर्षांनी थेट मतदानाने निवडतात, आणि पिएटिस्टांचा ‘जिवंत मंडळी’ हा गट आजही त्या निवडणुका लढवतो.